तंबूतले बिऱ्हाड

प्रवासाचे दोन प्रकार आहेत. एका प्रवासाच्या शेवटी कोणीतरी आपली वाट पाहत असते. दुसऱ्याच्या शेवटी कोणीही वाट पाहत नसते. आमच्या गोडादऱ्यातील बहुतेक कुटुंबांना पहिलाच प्रकार ठाऊक आहे. दिवाळी किंवा मे महिना आला, की बोचकी, डबे आणि मुले सांभाळीत मंडळी उधना स्टेशन गाठतात आणि नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे निघतात. त्या प्रवासात खिडकीबाहेर पाहण्यापेक्षा पिशव्या मोजण्याकडेच सर्वांचे लक्ष अधिक असते. आम्ही उभयता मूळचे गोव्यातील पेडणे तालुक्यातले. आमची गाडी तेवढी दक्षिणेकडे वळते. पण रीत तीच. गावी जायचे, चार दिवस पाहुणचार घ्यायचा आणि नारळ, कुळीथ, आमसुले भरून परत यायचे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र आम्ही दुसऱ्या प्रकारचा प्रवास केला. सुरतेहून निघून कच्छच्या रणाला वळसा घालायचा, वाटेतली आडबाजूची गावे पाहायची आणि रात्री हॉटेलात न उतरता तंबूत राहायचे, असा बेत ठरला. इतिहास शिकविताना धोलावीरा हे नाव मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले असेल. पण जी जागा आपण स्वतः पाहिली नाही तिच्याविषयी मुलांना सांगताना शब्द कोरडे पडतात, हा माझा नेहमीचा अनुभव. इकडची स्वारी एम्ब्रॉयडरीच्या यंत्रांची दुरुस्ती करते. त्यांनी एक जुनी मारुती व्हॅन घेऊन ती स्वतःच्या हाताने ठाकठीक केली होती, आणि तिची परीक्षा घेण्याची त्यांना घाई झाली होती. शेजारच्या काकूंना आमचा बेत मुळीच पटला नाही. त्या म्हणाल्या, "अहो बाई, डोक्यावर चांगला स्लॅब असताना कापडाखाली निजायला कशाला जाता?"

काकूंना मी हसून उत्तर दिले. पण या प्रवासाला आणखी एक कारण होते, ते त्यांना सांगितले नाही. गावच्या घरावरून घरात काही महिने बोलणे चालले होते. सासूबाई गेल्यापासून ते घर बंद आहे. दोघे दीर मुंबईस असतात. घर विकावे, असे त्यांचे म्हणणे. आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यांना आमची संमती हवी होती. आमच्या वाट्याला जी रक्कम आली असती, तिच्यातून गोडादऱ्यात भाड्याच्या खोलीऐवजी स्वतःची दोन खोल्यांची जागा घेण्याची सोय झाली असती. 'हे' विकण्याच्या बाजूचे होते, मी विरुद्ध. गंमत अशी, की घर त्यांच्या वडिलांचे आणि माया माझी! सुरतेच्या धबडग्यात या विषयावर शांतपणे बोलणे काही होईना. एकाची पाळी संपेपर्यंत दुसऱ्याचे डोळे मिटलेले असत.

सामान बेताचेच घेतले. दोघांपुरता तंबू, दोन सतरंज्या, दोन रजया, पाच किलोच्या सिलिंडरवरची लहान शेगडी, पाण्याचे तीन कॅन, विजेरी, ओळखपत्रे, तांदूळ, मूगडाळ आणि खारातल्या कैऱ्यांची बरणी. या कैऱ्यांना आमच्या कोंकणीत 'तोरां' म्हणतात. पेज आणि तोर एवढे मिळाले, की आमच्याकडच्या माणसाचे पोट आणि मन दोन्ही भरते. एक नियमही निघण्यापूर्वीच ठरविला. अभयारण्यात आणि सीमेच्या ओसाड प्रदेशात तंबू ठोकायचा नाही. गावाच्या हद्दीत, कोणाला तरी विचारूनच ठोकायचा. या नियमामुळे आमचा मोठा लाभ झाला. परवानगी मागावयास जो जातो, त्याला परवानगीबरोबर पुष्कळदा चहा आणि माहितीही मिळते.

भरूचला नर्मदा ओलांडली. वडोदरा, अहमदाबाद मागे टाकून विरमगावच्या पुढे गेलो, आणि झाडे विरळ होऊ लागली. पाटडीजवळच्या खाराघोडा या गावी पहिला मुक्काम झाला. येथून छोटे रण सुरू होते. या रणात रानगाढवांचे अभयारण्य आहे. गाढव म्हटले की आपण हसतो. परंतु हे जनावर पाहिल्यावर हसू येत नाही. पिवळसर तांबूस अंग, पाठीवर काळसर पट्टा आणि घोड्याला लाजवील असा वेग! आमची चाहूल लागताच पाचसहा जनावरांचा कळप क्षणार्धात धुळीचा एक ठिपका होऊन गेला.

मला मात्र रानगाढवांपेक्षा मीठ पिकविणाऱ्या आगरियांनी अधिक थांबवून धरले. पावसाळ्यात छोट्या रणात पाणी भरते. ते ओसरले, की आगरिया कुटुंबे मुलाबाळांसह रणात जातात. समुद्राचे पाणी आत घेऊन मीठ करण्याची आमच्या गोव्याकडची रीत. येथे मात्र विहीर खणून जमिनीखालचे खारे पाणी उपसतात. पूर्वी हे काम डिझेलच्या पंपावर चाले, आता ठिकठिकाणी सूर्यशक्तीचे पंप दिसतात. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत दाट करायचे, लाकडी दंताळ्याने रोज ढवळायचे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मीठ काढायचे. सहासात महिने सावली नाही, गोड्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची, आणि पायांना सदैव मिठाचा चावा. 'आगर' हा शब्द ऐकताच मला आमच्या तालुक्यातला आगरवाडो आठवला. तेथेही मिठागरे आहेत. हजार किलोमीटरांचे अंतर, दोन निराळ्या भाषा, पण मिठाच्या शेताला नाव एकच. त्या रात्री बरणीतले तोर खाताना मी त्यावरच्या मिठाकडे प्रथमच नीट पाहिले.

आडेसर, रापर, बालासर अशी गावे घेत आम्ही खडीर बेटावर पोचलो. रापरकडे शेतांत हिरवळ दिसली, तेव्हा कळले की ज्या नर्मदेवरून आपण परवा आलो, तीच कालव्यातून येथवर आली आहे. खडीर हे बेट खरे, पण भोवती समुद्र नाही, रण आहे. दिवाळीनंतर काही दिवस रणात पावसाळ्याचे पाणी असते. त्यामुळे आम्हांला ते खरोखरीच बेटासारखे दिसले.

याच बेटावर धोलावीरा आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे श्री. जगत्पती जोशी यांनी १९६७-६८ च्या सुमारास ही जागा उजेडात आणली. १९९० पासून श्री. रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली तेथे मोठे उत्खनन झाले, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हे मी वर्गात सांगतच होते. पण वर्गात सांगता येत नाही ते हे, की ते नगर चालून पाहिले म्हणजे मनात सर्वांत जास्त काय राहते. राहते ते पाणी! मानसर आणि मनहर नावाचे दोन नाले नगराच्या दोन बाजूंनी वाहतात, तेही पावसाळ्यापुरतेच. नाल्यांवर बांध घालून, ते पाणी वळवून, नगराच्या तटाच्या आतल्या बाजूस ओळीने बांधलेल्या हौदांत त्या लोकांनी साठविले. पूर्वेकडचा एक हौद सत्तर मीटरांहून अधिक लांब आहे. त्यात उतरावयास दगडी पायऱ्या आहेत. बालेकिल्ल्यावर पडलेला पाऊससुद्धा वाया जाऊ नये म्हणून दगडी गटारांची योजना आहे. आमच्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरी आटल्या म्हणून आम्ही हाकाटी करतो. येथे चारशे मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस. आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी येथे एक भरभराटलेले नगर होते!

उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या अक्षरांची एक पाटी सापडली. पांढऱ्या जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवून ती केली होती. लाकूड कुजून गेले, अक्षरे मात्र मातीत जशीच्या तशी पडून राहिली. ती अद्याप कोणालाही निश्चितपणे वाचता आलेली नाहीत. विद्यार्थी मित्रहो, वाचता न येणारे अक्षर म्हणजे काय, हे पहिल्या इयत्तेतल्या मुलाइतके कोणालाच कळत नाही. त्या पाटीच्या जागी उभे राहिल्यावर आपण सगळेच पहिल्या इयत्तेत असतो.

त्या रात्री एका शेतकऱ्याच्या खळ्यावर तंबू ठोकला. मध्यरात्री रणावरून असा काही वारा सुटला, की तंबूचा एक खुंटा उपटून गेला आणि आमचे छप्पर आमच्याच अंगावर आले. विजेरी सापडेना, चेन उघडेना. शेवटी दोघेही रांगत बाहेर पडलो, तो वर अपरंपार तारे! सुरतेत इतकी वर्षे राहून आकाशगंगा पाहिली नव्हती. खुंटा ठोकण्याचे राहूनच गेले. आम्ही रजया पांघरून व्हॅनला टेकून बसलो, आणि घराचा विषय तेथे निघाला. हे म्हणाले, "छप्पर अंगावर येणं म्हणजे काय, ते आज समजलं. गावच्या घराचंही तसंच व्हायचं. पाहायला कोणी नाही, वळचण कुजली आहे. पडून जाण्यापेक्षा विकलेलं काय वाईट?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माया हे काही उत्तर नव्हे, हे मलाही कळत होते.

खडीरहून खावड्याकडे जाणारा नवा रस्ता सुमारे तीस किलोमीटर सरळ रणातून जातो. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात रोहित पक्ष्यांच्या रांगा, आणि मध्ये डांबराची एक काळी रेघ. वळण नाही, झाड नाही, घर नाही. आमच्या लिंबायत-गोडादऱ्याच्या रस्त्यांवर पन्नास पावले टाकताना पन्नास माणसांना चुकवावे लागते. तेथे अर्धा तास एकही मनुष्य भेटला नाही. पहिली दहा मिनिटे आनंद वाटला, नंतर थोडे भय वाटले, आणि मग दोघेही मुकाट्याने पाहत राहिलो.

खावड्याजवळचा काळा डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर. उंची सुमारे ४६० मीटर. माथ्यावर दत्तात्रेयाचे देवस्थान आहे. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर जाणणाऱ्या मराठी माणसाला देशाच्या या टोकाला दत्तप्रभू भेटले म्हणजे कोण आनंद होतो! येथला प्रसाद आधी कोल्ह्यांना मिळतो. आरती झाली, की भात एका ओट्यावर ठेवतात आणि 'लोंग, लोंग' अशी हाक घालतात. देवाने भुकेल्या कोल्ह्यांना आपले अंगच देऊ केले, 'लो अंग' असे तो म्हणाला, त्यावरून ही हाक आली, अशी तेथली कथा आहे. आम्ही गेलो त्या संध्याकाळी दोन कोल्हे आले, इकडेतिकडे पाहून जेवले आणि निघून गेले.

डोंगराच्या पायथ्याकडच्या एका वस्तीत आम्हांला एका भुंग्याच्या अंगणात जागा मिळाली. भुंगा म्हणजे गोल भिंतीचे, शंकूसारख्या छपराचे मातीचे घर. २६ जानेवारी १९०१ नव्हे, २००१. ती सकाळ मोठ्या माणसांना आठवत असेल, सुरतेतसुद्धा घरे हलली होती. त्या भूकंपात कच्छमधील हजारो पक्की घरे कोसळली; नीट बांधलेले भुंगे मात्र पुष्कळसे उभे राहिले. गोल भिंतीला कोपरा नसतो, आणि धक्का बसला म्हणजे भिंत आधी कोपऱ्यातच फाटते. शिवाय छप्पर हलके. 'हे' पडले यंत्रांतले माणूस. त्यांनी छपराचा मधला वासा आणि त्याची जोडणी तासभर निरखली.

त्या घरातल्या आजीबाई कच्छी बोलत. त्यांची नात शाळेत गुजराती शिकत होती. तिने आम्हांला कच्छी शिकविण्याचे मनावर घेतले. 'मी' याला कच्छीत 'आऊं' म्हणतात, असे तिने सांगितले, आणि मी थबकले. आमच्या कोंकणीत 'हांव', गुजरातीत 'हुं', कच्छीत 'आऊं'. तिन्ही शब्द संस्कृत 'अहम्'च्याच वंशातले. मराठीचा 'मी' तेवढा दुसऱ्या वाटेने आला. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, ही त्या मुलीची स्थिती मला नवी नव्हती. मी घरी कोंकणी बोलते, वर्गात मराठी शिकविते आणि भाजी गुजरातीत घेते. तुमच्यापैकीही कित्येकांच्या घरी अहिराणी असेल. आपण कोणत्याच भाषेचे नाही, असे कधीकधी मुलांना वाटते. त्या मुलीला तसे काही वाटत नव्हते. तिन्ही भाषांत ती सारख्याच ऐटीने आमची चूक दाखवीत होती!

भूजला व्हॅनचे तेलपाणी करून, नखत्राणा, घडुली या वाटेने आम्ही लखपतला पोचलो. या गावाविषयी काय लिहावे? सुमारे सात किलोमीटरांचा तट, बुरूज, दरवाजे, सारे उभे. आणि आत जवळजवळ काहीच नाही. एके काळी सिंधू नदीचा एक फाटा कोरीच्या खाडीस मिळत असे. त्या पाण्यावर भात पिके, गलबते येत. १८०१ मध्ये जमादार फतेह महंमदाने हा तट वाढवून बांधला. पुढे अठराच वर्षांनी, १६ जून १८१९ रोजी, मोठा भूकंप झाला. जवळचा सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला, कित्येक मैल लांबीचा उंचवटा जमिनीतून वर आला, लोकांनी त्याला 'अल्लाहबंध' असे नाव दिले. गोडे पाणी दुरावले, व्यापार गेला, माणसे गेली. आज आत मोजकी कुटुंबे राहतात.

त्या ओसाडीत दोन-तीन जागा मात्र जिवंत आहेत. पीर घौस महंमदांच्या कबरीवरील नक्षीकाम अजून नाजूक दिसते. गुरू नानक प्रवासात येथे उतरले होते अशी श्रद्धा आहे. तेथील गुरुद्वारात आजही दिवा लागतो आणि आल्यागेल्यास जेवण मिळते. २००१ च्या भूकंपात त्या वास्तूला इजा झाली होती. ती इतक्या निगुतीने दुरुस्त करण्यात आली, की २००४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आम्ही तेथेच जेवलो आणि तटावर जाऊन बसलो. समोर खाडी आणि रण एकमेकांत मिसळलेले; कोठे एक संपते आणि दुसरे सुरू होते, ते कळत नव्हते.

बराच वेळ 'हे' काही बोलले नाहीत. मग कोंकणीतच म्हणाले, "धांपून दवरिल्लें घर मोडटाच." बंद ठेवलेले घर मोडणारच. मी म्हटले, "म्हणजे विकायचेच ना?" ते म्हणाले, "नाही. गुरुद्वारा का उभा आहे? तिथं रोज चूल पेटते म्हणून. आपण घर विकायचं की ठेवायचं एवढंच बोलत बसलो. ते उघडायचं कसं, हे बोललोच नाही."

मग त्या तटावर बसून आम्ही ते बोललो. गावात आमच्या चुलत नात्यातले एक कुटुंब भाड्याच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहते. त्यांना घर राहावयास द्यायचे. भाडे नको, पण रोज दिवा लागला पाहिजे आणि अंगण सारवले गेले पाहिजे. दर मे महिन्यात आम्ही जाऊन शाकारणी करायची, फुटकी कौले बदलायची. याचा अर्थ असा, की गोडादऱ्यातली स्वतःची जागा आणखी काही वर्षे लांबली. हे दोघांनाही स्पष्ट दिसत होते. रात्री नारायण सरोवराच्या धर्मशाळेच्या आवारात तंबूत बसून आम्ही कौले, वासे, सुताराची मजुरी यांचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला. दुसऱ्या दिवशी कोटेश्वरच्या देवळापाठीमागे समुद्र पाहिला, आणि दिरांना फोन केला. थोरले दीर एकदम कबूल झाले नाहीत. त्यांनी वर्षाची मुदत दिली आहे. येत्या मे महिन्यात वळचण दुरुस्त करायची आहे, पुढचे पुढे.

मांडवीला रुक्मावती नदीच्या काठी लाकडी जहाजे बांधताना पाहिली. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांचा जन्म १८५७ मध्ये याच गावी झाला. लंडनला इंडिया हाऊस स्थापणारे, आणि १९०६ मध्ये ज्यांच्या मार्फत शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून तरुण सावरकर विलायतेस गेले, ते हेच श्यामजी. १९३० मध्ये जिनीव्हात त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारतात जाव्यात म्हणून त्यांच्या अस्थी तेथे जपून ठेवलेल्या होत्या. त्या २००३ मध्ये मायदेशी आल्या. घरी परत यावयास त्यांना त्र्याहत्तर वर्षे लागली! आम्हांला मांडवीहून सुरतेस यावयास दीड दिवस पुरला.

विद्यार्थी मित्रहो, या नऊ रात्रींत आम्ही सुमारे सतराशे किलोमीटर फिरलो. तुम्हांला मोटार किंवा तंबू घ्या, असे मी सांगणार नाही. या मे महिन्यात तुम्ही नेहमीप्रमाणे गावी जाल. तेव्हा एवढे करा. गाडीत पिशव्या मोजण्याचे काम एखाद्या स्टेशनापुरते दुसऱ्याकडे द्या आणि खिडकीबाहेर पाहा. गावात पाणी कोठून येते, ते आजोबांना विचारा. वापरात नसलेली विहीर, बंद पडलेले घर, ओस पडलेली वाट दिसली, तर ती का बंद पडली, याची चौकशी करा, आणि उत्तर वहीत लिहून आणा. लिहिताना घरचा एखादा शब्द मराठीत सापडला नाही, तर तो तसाच लिहा. जूनमध्ये शाळा उघडली, म्हणजे त्या वह्या मी वाचीन. आणि आमच्या घराची वळचण पहिल्या पावसात गळली की नाही, ते तुम्हांला सांगेन.